खोकल्याला कुठला देश?

मुरबाडच्या एस.टी. स्टँडवर बाबा माझी बॅग धरून उभे होते. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि मी वेल्डर म्हणून आखातात निघालो होतो. मुंबईत, तिकडच्या सरकारने नेमलेल्या मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे काढून मला 'फिट' ठरवलं होतं. बाबा भेटेल त्याला सांगत होते, "पोराच्या अंगात येक खोट नाय निघाली!"

तिकडे कामगारांच्या कॅम्पातल्या खोलीत आम्ही दाटीवाटीने झोपायचो. कुणी केरळचा, कुणी नेपाळचा, कुणी फिलिपिन्सचा. एसीसाठी खिडकी कायमची बंद. एक जण सारखा खोकायचा, पण परत पाठवतील म्हणून बोलायचा नाही. व्हिसा वाढवताना पुन्हा एक्स-रे काढला, तेव्हा माझ्या छातीत डाग दिसला. टीबी. मला वेगळं ठेवलं आणि थेट विमानात बसवलं.

"तुम लोग ही ये बीमारी लाते हो," निघण्याआधी माझे कागद तपासताना तिथला कारकून म्हणाला.

"आया तब फिट था, साब. तुम्हारेही कागज पे लिखा है," मी म्हणालो. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

मुरबाडच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "कुठे लागला ते कुणीच सांगू शकणार नाही. गोळ्या इथे मिळतील. एकही चुकवायची नाही."

मी चुकवली नाही. थुंकीत जंतू दिसेनासे झाले. तेवढ्यात धाकट्या बहिणीच्या, सुनीताच्या, शहापूरच्या होणाऱ्या सासरहून निरोप आला: भाऊ लग्नाच्या मांडवात नको. आई म्हणाली, "तू मामाकडं जाऊन ऱ्हा रे. लगीन होईपत्तुर."

सुनीता उसळली. "दादा मांडवात नाय, तं मी बी नाय!"

मी स्वतः शहापूर गाठलं. त्यांच्या अंगणात उभा राहून म्हणालो, "मी लग्नाला येणार. भीती वाटत असेल तर डॉक्टरांना विचारा. मला विचारू नका, कुठून आणलास." नवरा मुलगा खरंच माझ्याबरोबर दवाखान्यात आला. लग्नात त्याचे वडील माझ्यापासून लांबच्या पंगतीत बसले, पण तो माझ्या शेजारी जेवला.

आता वाशिंदला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. आखातात पुन्हा गेलो नाही, गावातही राहिलो नाही. तिकडे असलेल्यांनो, खोकला लपवू नका, आणि हाकललंच तर मान खाली घालून येऊ नका. गावात राहिलेल्यांनो, तुम्ही दार लावू नका. आजारी माणूस जिथे न विचारता आत येऊन आडवा होऊ शकतो, त्यालाच मी घर म्हणतो. ते कुठल्या गावात आहे, याची मला आता पर्वा नाही.