झूलाघर

मोहगावच्या रस्त्यावर संत्रा निवडायच्या शेडमध्ये सोनाली कामाला होती. मालकाने बजावले, उद्यापासून पोरगं आणायचं नाही. ते फळ चावून परत ढिगात ठेवते. कुणाल पावणेदोन वर्षांचा होता. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, तीन वर्षांचा झाला की आणा. शेजारीण तयार होती, पण तिला सोनालीची अर्धी मजुरी हवी होती. मग कोणीतरी सांगितले, मोहगावात झूलाघर आहे. इकडचा सरकारी कारभार हिंदीत, आणि त्यात पाळणाघराला झूलाघरच म्हणतात, म्हणून सोनाली पोराला काखेत मारून गेली.

तिथे जत्रेतला लाकडी घोड्यांचा झूला उभा होता आणि बाजूला झूलेवाल्या भिवाजींची झोपडी.

"काका, झूलाघर हेच का?"

"हा झूला, ते घर. तू पाचवी विचारून राहिली. चौघी वापस गेल्या."

"मी नाही जात. पोराले सांभाळता का?"

भिवाजींनी झोपडीकडे, म्हणजे बायकोकडे, पाहिले. छाटणीत बाजूला पडलेल्या संत्र्यांवर सौदा ठरला.

महिनाभर कुणाल घोड्यावर वाढला. मग शिवरात्रीची जत्रा आली आणि सोनालीने विचारले,

"आता गिऱ्हाईक येईन काका. पोरगं कुठं ठेवू?"

"इथंच. रिकाम्या झूल्यावर कोणी चढत नाही. हा बसून राहिला की लाइन लागते. आता संत्रेही नको आणू."

जत्राभर सोनालीच्या घरातून दोघे कामावर जात होते. त्यातला एक कामावर झोपत असे, पण त्याची तक्रार कोणी केली नाही.