खडूची रेघ

नागापूरच्या टायरवाल्याला टायरचं माप विचारलं, की तो गाडीकडे बघतच नाही. आधी विचारतो, "मागं कोन बसतं?"

मी म्हणालो, "मुलगी. रोज कॉलेजला सोडतो." तरी मला मागे रुंदच टायर हवा होता, गाडी भारी दिसावी म्हणून.

त्याने वाद घातला नाही. टायर बसवला आणि चेनच्या बाजूने टायरच्या कडेला खडूची रेघ गोल ओढली. "चेन घासत आसंल तर रेघ पुसंल. विळद घाट चढून या. एकलेच जा."

सगळ्या घाटात माझे कान मागच्या चाकाकडे होते. आवाज काहीच आला नाही.

परतलो तर रेघ पुसलेली. जुन्या मापाचा टायर त्याने आधीच काढून ठेवला होता.