रायपूर ते प्लांटचं गेट, सतरा मिनिटं

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगते. मेलबर्नला मी एका मालवाहतूक कंपनीत आहे. कुठला माल किती अंतर किती वेळात कापेल, हे काढणं म्हणजेच माझी नोकरी! त्यामुळे हे लिहिताना मलाच संकोच वाटतोय...

आमचं घर भिलाईला, सेक्टर सहामध्ये. बाबा स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये होते. गेल्या वर्षी त्यांची शेवटची ड्यूटी — फर्स्ट शिफ्ट, दुपारी दोनला सुटी. आई गेली तेव्हा मी वेळेवर पोचले नव्हते. या वेळी बाबा गेटबाहेर येतील तेव्हा समोर उभं राहायचंच, असं ठरवलं होतं. बाबांना पत्ता नव्हता. फक्त धाकट्या भावाला, अमोलला, माहीत होतं.

मेलबर्न ते दिल्ली साडेबारा तास, अगदी वेळेवर. पण पुढचं रायपूरचं विमान दोन तास लेट! विमानतळावरून टॅक्सी सुटली तेव्हा एक वाजून सत्तेचाळीस मिनिटं झाली होती. पुढे पन्नासेक किलोमीटर, निदान सव्वा तास. अमोलला मेसेज केला — "आत्ता रायपूरहून निघतेय. नाही जमणार." फोन पर्समध्ये टाकला आणि खिडकीबाहेर बघत रडत बसले.

डोळा लागला नव्हता, हे नक्की. खारून नदीचा पूल, कुम्हारी, भिलाई-३... सगळं ओळीनं मागे गेलं. ट्रक होते, सिग्नल होते, गाडी नेहमीच्याच वेगात. मग प्लांटचं गेट दिसलं — आणि गळ्यात हार घातलेले बाबा बाहेर येत होते!

मी धावतच सुटले. बाबा जागीच थबकले.

"तू? कवा आली वं?"

"आत्ताच, बाबा."

"मंग काहून रडून राहिली?" म्हणता म्हणता त्यांचाच बांध फुटला. सोबतच्यांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी निळा गुलाल उधळला. अमोलनं फोटो काढला आणि फोनकडे बघतच राहिला.

"ताई, दोन वाजून चार मिनिटं झाली. तुझा मेसेज आत्ता पंधरा मिनिटांपूर्वी आला न!"

टॅक्सीवाला मीटरसमोर वाकून बसला होता. "दीदी, किलोमीटर तो पूरे चले हैं... टाइम कहाँ गया?"

बाबांनी त्याला जेवायलाच घरी नेलं. चार पुऱ्या खाऊन झाल्या तरी तो मान हलवत होता. पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. पहाटे, रिकाम्या रस्त्यानं गाडी पळवून बघितली म्हणे — पाऊण तासाच्या आत काही येता येईना.

मीही कागदावर किती वेळा मांडलं. वेग, अंतर, वेळ... उत्तर येतच नाही. एकदा बाबांनी ते बघितलं, पेन माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाले,

"मी बाहेर आलो त् तू होती. आता काय शोधून राहिली?"