डेपोबाईची हाक

डेपोबाईच्या आवाजाबद्दल मी आता जे सांगणार आहे त्यातलं निम्मं खरं माना. उरलेलं निम्मं त्याहून खरं आहे. भुरकीटोल्याच्या चौकात चिंचेखाली उभं राहून ती "थांब गाऽऽ!" म्हणाली, की नाल्यापलीकडच्या वळणावर पोचलेली बस जागीच उभी राहायची. बसचं सोडा, वैनगंगेकाठी मार्कंड्याच्या देवळातल्या घंटा आपोआप किणकिणायच्या, आणि चंद्रपूरकडच्या जंगलातला वाघ तोंडातलं रानडुक्कर खाली ठेवून, 'मला तर नाही ना म्हणाली?' म्हणून मागे वळून बघायचा. वाघाचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण वाघानंही कधी नाकारलेलं नाही.

तिची माझी पहिली भेट बसमध्येच झाली. भुरकीटोल्याच्या शाळेवर मास्तर म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा गडचिरोलीच्या स्टँडवर मी संध्याकाळची बस पकडली आणि ड्रायव्हरच्या मागची खिडकीची जागा रिकामी बघून ऐटीत बसलो. मागून एक कोंबडी माझ्या मांडीवर आली. तिच्या मागून टोपली आणि टोपलीच्या मागून नऊवारीचा काष्टा खोचलेली, सागाच्या खोडासारखी सरळ म्हातारी.

"नवे गुर्जी का जी तुमी?"

"हो."

"मंग बसा. पन इथी नोका बसू. हे डेपोची जागा होय."

मला वाटलं, महामंडळाची अधिकारी असेल. मी उठलो. कंडक्टर देवीदास तोंड फिरवून हसत होता. पुढे कळलं की बाईचं खरं नाव सीताबाई. डेपोशी तिचा संबंध एवढाच, की आमच्या गावात मुक्कामाला येणारी बस ती स्वतःच्या गोठ्यातली गाय समजायची. संध्याकाळी बस आली, की ड्रायव्हर नत्थुभाऊ आणि देवीदास यांना लाखोळीच्या डाळीचं वरण आणि भात तिच्याच घरी. सकाळी बस निघायच्या आधी टायरांवर हात फिरवून बघणार, काच पुसणार, वर नत्थुभाऊंना विचारणार, "कालच्यान खोकलून काऊन राह्यली हे? काय पाजलं तिले?" नत्थुभाऊ मुकाट्यानं बॉनेट उघडायचे. खोकल्याचं कारण सापडायचंसुद्धा. निदान नत्थुभाऊ तसं सांगायचे. जेवण तिच्याच घरी होतं ना!

पंचाहत्तरी उलटल्यावर म्हाताऱ्यांना तिकीट माफ असतं. डेपोबाईची पंचाहत्तरी कधी उलटली हे देवालाही आठवत नसेल, पण ती बायकांचं अर्धं तिकीट काढायचीच. देवीदास दर खेपेला समजावायचा, "बाई, तुमचे पैसे सरकार भरते. फुकट बसा जी."

"फुकट बसन त बस मनन, हे बुढी रिकामीच बसली होती. फाड तिकीट."

हे वेड उगाच नव्हतं. त्या बसमागे एक मोठा इतिहास होता आणि तो डेपोबाई मंडईत सांगायची. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, नाटक होतं आणि जेवणाच्या पंगतीत पोरापोरींच्या सोयरिकी जुळतात. बस नव्हती तेव्हा भुरकीटोल्याला कोणी मुलगी देत नसे. गावातले जवान इतके दिवस बिनलग्नाचे राहिले, की डेपोबाईच्या म्हणण्याप्रमाणे कोंबडेसुद्धा आरवायचे सोडून उसासे टाकायला लागले होते. बस सुरू झाली आणि सुना आल्या. मंडईत मुलीकडचे शेतीबद्दल विचारायच्या आतच डेपोबाई सांगायची, "मुक्कामी बस हाये आमच्या गावाले! जमीन काय, साऱ्यायलेच असते."

तर अशा गावावर एके वर्षी संकट आलं. ही बस तोट्यातली, आणि तोटा सरकार भरून देतं. त्या पैशातून या जंगलपट्टीचा विकास होतोय की नाही, माणसं बसतात की नुसता वारा फिरून येतो, हे बघायला वरून पाहणी पथक येणार असल्याचं देवीदासनं सांगितलं. रिकामी दिसली ती फेरी बंद. नेमकं त्याच वर्षीच्या मंडईत डेपोबाईच्या नातवाचं, नामदेवचं जमलं होतं. मुलगी ब्रह्मपुरीकडची, मनीषा. नर्सिंग शिकलेली, गडचिरोलीच्या दवाखान्यात नोकरी लागलेली. आवाज एवढा बारीक, की पसंती सांगितली तेव्हा ती शेजारच्या मावशीला मोठ्यानं पुन्हा सांगावी लागली. पण अट पक्की होती: रोज जाऊन येऊन नोकरी करीन. बस असेल तर लग्न.

डेपोबाईनं ते ऐकून नातवाकडे असं बघितलं, की जणू त्यालाच आता गियर टाकून चालवायचा होता.

मग तिनं गाव कामाला लावलं. घरोघरी जाऊन एकच सांगणं, "सायेब येतीन त्या दिवशी सकायच्या बसमंदी सारं गाव पायजे. काम असो का नसो. लुगडं घ्याचं नसन त पाहून या."

तो दिवस उजाडला. बस अशी भरली, की खिडकीतून बाहेर आलेला हात कोणाचा हे खुद्द हातवाल्याला सांगता येत नव्हतं. मोहफुलांची पोती, बांबूच्या टोपल्या, कोंबड्या, एक बोकड, गावाकडेच्या गोंड टोलीतले सगळे म्हातारे, शाळेची पोरं आणि पोरांना सांभाळायला मी. छपराचे खिळे बाहेर डोकावू लागले होते. डेपोबाई आपल्या जागेवर राणीसारखी बसली होती. नत्थुभाऊंनी चावी फिरवली, आणि तेवढ्यात चौकात पांढरी जीप येऊन उभी राहिली. तीन माणसं उतरली: एक मोठे साहेब, एक तरुण बाई आणि हातात टॅब घेतलेला एक चष्मेवाला.

आता पुढे जे झालं ते आमच्या गावाशिवाय दुनियेत कुठे होणार नाही.

"पाव्हने आले," गोंड टोलीतले एक म्हातारे म्हणाले, आणि उतरले. त्यांच्या मागून दुसरे. पाहुणा चौकात उभा आणि गाव बसमध्ये बसून निघून चाललंय, असं भुरकीटोल्यात आजवर घडलेलं नव्हतं. जो तो उतरला. कोणी खाट काढायला धावलं, कोणी चुलीकडे. बोकडसुद्धा उतरला, त्याचं मला फार कौतुक वाटलं. शेवटी कोण उतरलं असेल? डेपोबाई. ती थेट घरी गेली आणि तांब्याचं गंगाळ, पाण्याचा लोटा घेऊन आली. दारी आलेल्याचे पाय धुवायचे, मग बोलायचं.

एरवी नत्थुभाऊ थांबले असते. माणसासाठी काय, विसरलेल्या छत्रीसाठीही ते थांबत. पण आज तपासणी! साहेब घड्याळ बघत होते. नत्थुभाऊंनी वेळेचा असा काटा कधी पाळला नव्हता, तो आज पाळला. धूळ उडवत बस निघाली. आत देवीदास एकटा, दांडीला लटकलेला, डोळ्यांत पाणी.

इकडे "जोहार, जोहार" चाललं होतं. मोठ्या साहेबांचा एक पाय गंगाळात होता. त्यांनी दूर जाणाऱ्या धुळीकडे बघितलं आणि सावकाश विचारलं, "ही बस रिकामी गेली का हो?"

लोटा हवेतच राहिला. सगळं गाव एकमेकांची तोंडं बघू लागलं. आपण काय केलं हे गावाच्या डोक्यात हळूहळू शिरत होतं. नामदेव तर असा पांढरा पडला, की कोणी त्याला चुन्यात घोळलाय असं वाटावं.

डेपोबाईनं लोटा साहेबांच्याच हातात दिला. "पकडा जी जरा," म्हणाली आणि चिंचेखाली गेली. पदर कमरेला खोचला. छातीत वारा भरला. तो एवढा भरला, की माझी टोपी तिच्या दिशेनं उडाली.

"थांऽऽब गाऽऽ नत्थ्याऽऽ!"

चिंचेवरचे बगळे जे उडाले ते थेट सिरोंचाला जाऊन उतरले असावेत. चष्मेवाल्याच्या हातातला टॅब स्वतःहून बंद पडला आणि स्वतःहून सुरू झाला. आणि मग नाल्यापलीकडून, बारीक, केविलवाणा, एक हॉर्न आला.

त्या वळणावर बस फिरवायला जागा नाही. नत्थुभाऊंनी ती नाल्यावरून उलटीच आणली. मागचा लाल दिवा आधी दिसला, मग शिडी, मग दारातून अर्धा बाहेर लटकून "येऊ द्याऽऽ, येऊ द्याऽऽ" करणारा देवीदास.

"चढा रे!" डेपोबाई गरजली. "पाव्हन्यायलेबी घ्या संगं. पाव्हन्यायले सोडून जाता येत नाई मनून त आपन उतरलो होतो, आता पाव्हनेच बसमंदी रायतीन, मंग कोनाले लाज?"

असा तोडगा निघाला. साहेबांचा एक पाय ओला, एक कोरडा, आणि ते डेपोच्या जागेवर. ती जागा तिनं दुसऱ्या कोणाला दिलेली मी तेव्हाच पाहिली. त्यांच्या मांडीवर कोंबडी दिली, कारण ती जागेबरोबरच येते. तरुण बाई मोहफुलांच्या पोत्यावर. चष्मेवाला कुठे होता ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण टॅबचा उजेड बोकडाच्या पोटाखालून येत होता.

वाटेत प्रत्येक फाट्यावर बस थांबली. कुठे एक बाई खिडकीतून जेवणाचा डबा आत देऊन गेली, कुठे कोणाचं औषध, कुठे दुरुस्तीचा मोबाइल. देवीदास सवयीनं सगळं घेत होता आणि तपासणीची आठवण झाल्यावर घाम पुसत होता. साहेबांनी विचारलंच, "या डब्यांचं तिकीट?"

डेपोबाई म्हणाली, "डबा कोन खाते? पोरगी. कॉलेजात हाये. तिच्यापाशी पास हाये का नाई?"

"असेल."

"मंग डबा पोरीच्या पासावर चालला. पोटात गेल्यावर त तसाबी तिच्यासंगंच परत येते."

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. त्यांचे खांदे हलत होते. रस्ता खराब होता, त्यामुळे नक्की हसत होते असं मी म्हणत नाही.

"बाई, या बसनं तुमच्या गावाचा काय फायदा झाला, एक गोष्ट सांगा," तरुण बाईंनी विचारलं.

डेपोबाईनं गर्दीत हात घालून नामदेवची मानगूट पकडली आणि त्याला साहेबांसमोर उभा केला. "हा फायदा. बस रायली त याचं लगन होते. नाई त न्या याले तुमच्या ऑफिसात, फाइलीमंदी ठेवा."

गडचिरोलीच्या स्टँडवर उतरताना साहेबांनी कोंबडी परत दिली आणि डेपोबाईला हात जोडले. जाता जाता नामदेवला विचारलं, "तारीख कधीची?"

फेरी राहिली. मनीषा आली. लग्नाची वरात बसमधूनच निघाली, हे सांगायला नको. आणि आणखी एक गंमत झाली. त्या चष्मेवाल्यानं बोकडाखाली बसून, बस जिथे जिथे थांबली ती प्रत्येक जागा इमानदारीनं टॅबमध्ये टिपली होती. हाक ऐकून उलटी येण्याआधी बस कुठे थांबली होती तेही देवीदासला विचारून घेतलं. नवं वेळापत्रक आलं त्यात नाल्यापलीकडच्या वळणावर मंजूर थांबा होता. तिथे घर नाही, पायवाट नाही. एक पळस आहे. कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही. तरी बस रोज तिथे उभी राहते, कारण सरकारनं तसं ठरवलंय.

डेपोबाई मागच्या हिवाळ्यात गेली. धान घरात आलं होतं, मंडई होऊन गेली होती. दुपारी अंगणात खाटेवर पडल्या पडल्या. त्या सकाळीही टायरांवर हात फिरवून झाला होता. नत्थुभाऊ तेव्हा निवृत्त झालेले. त्यांनी नव्या ड्रायव्हरला एवढंच शिकवलं होतं, की त्या वळणावर इंजिन बंद करायचं आणि कान द्यायचा. तो पोरगा रोज देतो. गाडीतले सगळेच गप्प होतात.

परवाची गोष्ट. सकाळच्या बसमध्ये मी होतो. मनीषाची जागा, म्हणजे डेपोची जागा, रिकामी होती. तिच्या लेकाला ताप होता, ती येणार नाही असं सगळे धरून चालले होते. वळणावर बस थांबली. इंजिन बंद. पळसावर एक पाखरू बोलत होतं.

आणि गावाकडून हाक आली.

"थांऽऽब गाऽऽ!"

पाखरू उडालं. मार्कंड्याच्या घंटांचं मी चौकशी करून सांगीन. जिचा आवाज इतक्या वर्षांत घरातल्या घरात कोणी धड ऐकला नव्हता, तिचा तो आवाज होता. देवीदासनं माझ्याकडे बघितलं, मी देवीदासकडे. नवा ड्रायव्हर आरशात बघून उलटा गियर टाकत होता.