भाऊजींची लॉरी आणि ताईचं माहेर

धंद्यातून नेमका धंदा वगळून बाकी सगळं मनापासून करणारा आमच्या भाऊजींसारखा माणूस अख्ख्या मुंबईत दुसरा झाला नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. लालबागला त्यांची ट्रान्सपोर्ट कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन लॉऱ्या, आणि त्यातली एक कायम जॅकवर चढवलेली. माझगावच्या गोदीतून माल उचलायचा आणि लालबाग-परळच्या दुकानांना, गिरण्यांना पोचवायचा, हे त्यांचं काम. पण लॉरी रिकामी परत आणणं त्यांना अपशकुनासारखं वाटे. बाकीचे लॉरीवाले परतीचं भाडं शोधतात, भाऊजी परतीला धर्मादाय संस्था शोधायचे. कुठल्या अनाथाश्रमाला बाकं मिळालीत, कुठल्या मोफत वाचनालयाची कपाटं हलवायचीत, याची त्यांना कुठून तरी कुणकुण लागायची आणि लॉरी परस्पर तिकडे वळायची. "अरे, तेल तर जळतंच आहे, चाकांना जरा पुण्य लागू दे की!" असं वर मलाच समजवायचे.

एवढ्यावर थांबते तर ते भाऊजी कसले! कुठल्या संस्थेला कशाची गरज आहे हेही तेच ठरवत. खोताच्या वाडीतल्या एका कुटुंबाने बाळंतिणींच्या इस्पितळासाठी सागवानी पाळणा दिला. तो भाऊजींनी परळच्या व्यायामशाळेत उतरवला, कारण ती वाटेत लागत होती. पैलवान बिचारे लंगोट लावून त्या पाळण्याकडे बघत बसले. मी विचारलं, तर म्हणाले, "आज ना उद्या लग्नं होतीलच ना त्यांची?" एकदा तर त्यांनी कहर केला. सकाळी मसाला कांडणाऱ्यांकडे सुक्या मिरचीची पोती टाकली आणि लॉरी न झाडता त्याच फळ्यांवर अनाथाश्रमाची मुलं बसवून सहलीला निघाले. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. शिंकणारी, नाकं पुसणारी, डोळ्यांतून धारा लागलेली ती वरात पाहून नाक्यावरचा हवालदार धावत आला. "अश्रुधूर कुठं सोडला रे?" भाऊजींनी खाली वाकून अदबीने सांगितलं, "मिरची आहे साहेब, गुंटूरची." मुलांना मात्र सहल फार आवडली म्हणे.

या सगळ्यात ताईची एकच इच्छा होती. लग्नाच्या वेळी आमच्या आईने लेक लॉरीवाल्याला दिली म्हणून कोकणातल्या घरी नाक मुरडलं होतं, "ओझी वाहणाऱ्याक चेडू दिला" असं चार बायकांत बोलली होती. ताईला भाऊजींच्या शेजारी केबिनमध्ये बसून, त्यांच्या स्वतःच्या लॉरीतून माहेरच्या दारात उतरायचं होतं, आणि आईने ते डोळ्यांनी बघायला हवं होतं. बोटीने ती केव्हाही गेली असती, जायचीही, पण ते जाणं तिच्या हिशेबी नव्हतं. त्यात आईची नजर अधू व्हायला लागली. मुंबईला ये, डोळे दाखवू, असं आम्ही परोपरीने विनवलं, पण गोठ्यातल्या म्हशीला सोडून ती यायला तयार नव्हती. भाऊजी दर वर्षी म्हणत, "या वैशाखात नक्की." आणि दर वैशाखात कुणीतरी दारात उभं राही. एका वर्षी सत्याग्रहात कमावता माणूस तुरुंगात गेलेल्या घरांना तांदूळ पोचवायचा होता. तिथे नाही कोण म्हणणार?

त्यानंतरच्या वर्षी मात्र निघायची वेळ खरोखरच आली. ताई नवं लुगडं नेसून केबिनमध्ये बसली होती, बोचकी मागे चढली होती, मीही रजा काढून गिरगावातून आलो होतो. तेवढ्यात लालबागच्या गणपती मंडळाचे दोघे कार्यकर्ते धापा टाकत आले. मंडळाने डोळ्यांच्या ऑपरेशनचं मोफत शिबिर भरवलं होतं, डॉक्टर येऊन बसले होते आणि खाटा आणि रोगी न्यायला ठरवलेली गाडी आलीच नव्हती. चाळींतले म्हातारे-म्हाताऱ्या वाट बघत बसले होते. भाऊजींनी फक्त ताईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ताई बोचकं घेऊन उतरली. म्हणाली, "बघता काय? आंधळ्या माणसांना चालवत नेणार आहात का?" मग घरात गेली आणि दार लावून घेतलं. शिबिर संपलं तोवर पाऊस आला, घाटातले रस्ते बंद झाले. लालबागच्या कितीतरी म्हाताऱ्यांना त्या वर्षी गणपती दिसला. ताई त्यांच्यासाठी पेज करून नेत असे.

आम्ही कोकणात लॉरी घेऊन गेलो ते महाराष्ट्र राज्य झाल्यावर. तोवर आईला काहीच दिसेनासं झालं होतं. लॉरी अंगणात उभी राहिली तेव्हा ती ओटीवरून काठी टेकत आली आणि बॉनेटपासून मागच्या फळीपर्यंत हात फिरवत चालत गेली. म्हणाली, "केवढी मोठी गो ही! माका बसव बघूया." भाऊजींनी तिला उचलून केबिनमध्ये बसवलं आणि पायी चालावं इतक्या हळू गाडी काढली. ताई तिच्या शेजारी बसून एकेक सांगत होती. ही विहीर आली, हे देवळाचं तळं, हा आपला फणस, केवढा लगडलाय. मी मागे उभा राहून ऐकत होतो. फणसाच्या जागी नुसता खड्डा होता.

आई ताईचा हात चाचपून म्हणाली, "तो गेल्या पावसात पडलो, बाये. माझ्यासाठी कित्याक उभो करतंस?"

भाऊजींनी लॉरी थांबवली. कितीतरी वेळ आम्ही कुणीच खाली उतरलो नाही.