दरसाल न्हाणलेली गाडी

निखिल, ईरा,

परवा निखिलने तिकडच्या एका गॅरेजचा व्हिडिओ पाठवला. जुन्या, देखण्या ट्रकला पॉवर स्टिअरिंग बसवायचं म्हणून आधी त्याच्या चासीला, म्हणजे ज्यावर सगळी गाडी उभी असते त्या पोलादी सांगाड्याला, जाड पट्टी जोडत होते. "आजी, आपल्याकडे असं कोणी करतं का?" असं त्याने विचारलं. मी "हो" म्हणून विषय बदलला. आपल्याकडे एका माणसाने ते करून पाहिलं होतं. त्याच्याविषयी सांगणारी माणसं आता फारशी उरली नाहीत, म्हणून लिहायला बसले.

सातपाटीत त्याला सगळे तांडेल म्हणत. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य. होडी वादळात फुटली तेव्हा तो तुमच्या आजोबांच्या बर्फाच्या कारखान्यात ट्रकवर ड्रायव्हर झाला, पण ताठा होडीवरचाच राहिला. ट्रकला चुकूनही ट्रक म्हणत नसे, 'ही' म्हणे. "आज ही रुसली हाय, वयनी. तुमी उद्या या." आणि मी खरंच दुसऱ्या दिवशी त्याच्या गाडीने बाजाराला जात असे.

नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात होड्यांची पूजा झाली की तांडेल गाडीला हार घालून ती सरळ समुद्रात नेई, पुढची चाकं बुडेपर्यंत. मग बादली घेऊन खाली वाके आणि सांगाड्याला आतून-बाहेरून न्हाऊ घाली. त्याची बायको किनाऱ्यावरून ओरडे, "अवो, तिला काय पोवायला शिकवताव?" तो तिकडून ओरडे, "होडीला दर्या लागतो, मंग हिला नको? ही काय परकी हाय?" सगळा किनारा हसे. गाडी वाळली की होडीच्या बुडाला लावतात तसं डांबर तो सांगाड्याला फासे. दरवर्षी नवा थर, जुन्यावर. "हिच्या अंगाला गंज शिवायचा नाय," असं तो छाती पुढे काढून सांगे, आणि आम्ही ते मान्य करत होतो. चकचकीत काळी दिसे ती.

कारखाना बंद झाला तेव्हा आजोबांनी गाडी त्यालाच देऊन टाकली. बोईसरच्या बाजारात, सरावलीच्या चाळींत मासळी पोचवून त्याचं घर चाले. जुनं स्टिअरिंग इतकं जड, की उमरोळीच्या वळणावर तो सीटवरून अर्धा उठून सगळं अंग त्यावर टाकी. असं करता करता उजवा खांदा कायमचा गेला. डॉक्टर म्हणाले, गाडी सोडा. "मंग काय खाटेवर बसून माश्या मारू?" तो म्हणाला. दुसरी गाडी घेण्याचं वय आणि ऐपत दोन्ही मागे पडली होती. हिला पॉवर स्टिअरिंग बसलं तरच त्याचं काम चालणार होतं.

बोईसरच्या एका मिस्त्रीने हो म्हटलं. मला डोळे तपासायला जायचं होतं, म्हणून मीही त्या दिवशी गाडीत होते. मिस्त्रीने समजावून सांगितलं: जुन्या स्टिअरिंगला फक्त माणसाचा जोर असतो, नवं इतक्या ताकदीने रेटतं, की ते जिथे बसवायचं तिथली चासी पिळवटून फुटू शकते. म्हणून आधी पोलादी पट्टी वेल्ड करायची. पट्टी कापून, भोकं पाडून, लाल रंग देऊन तयार होती.

"डांबर नको खरवडूस रे," तांडेल म्हणाला.

"चाचा, डांबर पे वेल्डिंग नहीं होता."

"वयनी, सांगा त्याला. खाली लोखंड नव्यासारखा हाय."

मिस्त्रीने खरवडलं. डांबराबरोबर लोखंडाचे पापुद्रे निघाले. त्याने हातोडीने हलकेच ठोकून पाहिलं, आणि हातोडी आत गेली. तो दुसऱ्या बाजूला गेला. तिथेही तेच. डांबराखाली वर्षानुवर्षं मीठ कोंडून राहिलं होतं.

"ये लोहा नहीं है, चाचा. पापड है. पट्टी किसको लगाऊँ?"

तांडेलाने त्या भोकात बोटं घातली. हातात भुगा आला. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मीच न्हाणली हिला, वयनी. दरसाल मीच न्हाणली."

त्याला खोटं ठरवण्यासारखं काहीच नव्हतं.

अशी गाडी रस्त्यावर काढू नका, असं मिस्त्रीने हात जोडून सांगितलं. ती तिथूनच भंगारात गेली. आम्ही रिक्षाने परतलो. पट्टी त्याच्या मांडीवर होती.

त्यानंतर मी भेटायला जाई तेव्हा तो दारातच बसलेला असे. एकदा खांद्याची चौकशी केली. "आता दुखत नाय," तो म्हणाला, "कामच नाय तर दुखंल कुठून?" हसला नाही. पुढच्या नारळी पौर्णिमेला बायकोने किनाऱ्यावर चला म्हणून खूप विनवलं. त्याने दार लावून घेतलं. त्या वर्षीच्या थंडीत तो गेला. कसल्या आजाराने, ते डॉक्टरांनाही धड सांगता आलं नाही. बायको लेकीकडे वैतरणेला राहायला गेली, तीही आता थकली आहे. आजोबाही गेले. कारखान्याच्या जागी इमारत आहे.

तांडेलाच्या बंद घरासमोर गटारावर ती पोलादी पट्टी टाकलेली आहे. लोक तिच्यावरून ये-जा करतात.