केबलवरचे ज्योतिषीबुवा

"ग्रह गेले खड्ड्यात! घर सोडून गेलेला माझा नवरा परत येणार का, तेवढं सांगा!" बाई फोनवर किंचाळली आणि अख्ख्या लालबागने ते केबलवर थेट ऐकलं.

इंटरनेटच्या आधीचे दिवस. स्वतःची हँडबिलं स्वतःच वाटत हे ज्योतिषीबुवा पडद्यापर्यंत पोचले होते. आता उत्तर चुकलं की सगळं मातीत. कॅमेऱ्यामागे मला बादलीभर घाम फुटला. बुवा मात्र अंगठ्याने बोटांची पेरं मोजत राहिले. तेवढ्या वेळात परळपर्यंतचे पंखेसुद्धा ऐकायला थांबले असावेत.

"शुक्रवारी, साडेदहाच्या आत. रडू नका, चहा टाका."

शुक्रवारी सव्वादहाला नवरा दारात हजर!

"बुवा, कसं हो कळलं?" मी हात जोडूनच विचारलं.

"घरी जायचा मुहूर्त तो माझ्याकडूनच घेऊन गेला होता."